आतून ओले पिरॅमिड

१

मंगळवारी सकाळी सुल्मा ओविएदोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर साचा उलटा केला आणि एकविसावा पिरॅमिडही वाया गेल्याचं तिला कळलं. वरून पाहावं तर काचेसारखा टणक. पण तळाला, जिथे गारगोटी बसवलेली होती, तिथून मधासारखा चिकट थेंब ओघळत होता. तिने तो बोटाने पुसला. थोड्या वेळाने दुसरा आला.

धातूचा कीस, तांब्याची तार, मधोमध एक गारगोटी आणि वरून ओतलेलं रेझिन, एवढ्यावर जमणाऱ्या या वस्तूला ऑर्गोनाइट म्हणतात. ती घरातलं वाईटसाईट शोषून घेते असं निम्मं कापिया देल मोंते गाव मानतं आणि उरलेलं निम्मं ती विकतं. सुल्मा दोन्ही करायची. एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याच्या, एवारिस्तोच्या घशात गाठ निघाली, तेव्हापासून मात्र तिचं विकण्यावरचं लक्ष उडालं आणि मानणं तेवढं वाढलं. त्याच्या पलंगाभोवती नऊ पिरॅमिड मांडलेले होते. ते मांडल्यापासून आपलं दुखणं थांबलं असं तो सांगत होता, आणि येत्या गुरुवारी कोर्दोबाच्या इस्पितळात त्याला तपासायला बोलावलेलं असूनही जायची आता गरज नाही, असं घरात जवळजवळ ठरलं होतं.

आणि नेमके गेल्या तीन आठवड्यांत पिरॅमिड जमेनासे झाले.

सुल्माने दोन्या एर्मिंदा तोलेदोला, म्हणजे एर्मिंदाबाईंना, बोलावून आणलं. एर्मिंदा एकाहत्तर वर्षांची. तिने चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या, त्यामुळे गावातल्या दीडशे तोंडांत तिच्या हातचं काम बसलेलं आहे. साचा, ओतणं, घट्ट होणं, न होणं हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक. ऑर्गोनाइटवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि हे ती सांगायला कचरतही नसे.

"थंडी आहे," ती पिरॅमिड हातात फिरवत म्हणाली. "ऑगस्ट म्हणजे आपला ऐन हिवाळा, रेझिन आळसावतं. शेगडीजवळ ठेव."

"ठेवलं."

"हार्डनरचे थेंब कमी पडत असतील."

"ते वाल्तेर मोजतो." वाल्तेर म्हणजे एवारिस्तोचा धाकटा भाऊ, मागच्या खोलीत राहणारा. सुल्माने ओठ आवळले. "मला कारण नकोय, दोन्या. मला माहीत आहे कोण करतंय ते. संध्याकाळपर्यंत तो या घरातून गेलेला असेल. तुम्ही फक्त त्याच्या तोंडावर सांगा की तसंच आहे."

२

वाल्तेर अंगणात बादली धूत बसला होता. पन्नाशीला टेकलेला, अंगापिंडाने मजबूत, कधीकाळी बाटलीच्या आहारी गेलेला आणि सहा वर्षांपूर्वी सुटलेला. सुटला तेव्हा त्याच्या तोंडात काही शिल्लक नव्हतं. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या एर्मिंदाने स्वतः बसवल्या होत्या. त्यामुळे त्याच्याबद्दल तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. खोटं बोलायच्या आधी तो जिभेने वरची कवळी उचलून खाली सोडतो.

तिने त्याला थेंब मोजून दाखवायला सांगितलं. त्याने एका पेल्यात रेझिन घेतलं, पंधरा थेंब टाकले, घड्याळ लावून ढवळलं. हात जराही थरथरला नाही. गारगोट्या कुठून येतात, असं तिने विचारलं. डोंगरातून, तो म्हणाला. मग त्या एवारिस्तोकडे जातात.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. एवारिस्तो पाणाड्या होता. हातात दुबेळकी फांदी धरून तो डोंगरउतारावर चालायचा आणि तो थांबेल तिथे विहीर लागायची. अशा माणसाच्या तळहाताला गुण असतो. म्हणून सुल्मा प्रत्येक गारगोटी त्याच्या मुठीत देई. तो ती पाच-सहा मिनिटं धरून बसे, तिच्यावर फुंकर घाली, आणि मग ती तशीच, न धुता, साच्यात जाई. धुतली तर हाताचा गुण वाहून जातो ना. ओविएदोंच्या पिरॅमिडला मागणी होती ती याच्यामुळे.

"तुझे तीन चांगले जमले म्हणे," एर्मिंदा म्हणाली.

"जमले."

"बाकी एकवीस बिघडले आणि तुझे तेवढे तीन कसे काय जमले?"

त्या दिवशी भाऊ तापात झोपला होता, वाल्तेर म्हणाला, म्हणून गारगोट्या मीच धरल्या. बाकी सगळं तेच. तेच पिंप, तेच थेंब. मग तो बादलीकडे वळला. वहिनीला वाटतं ते वाटू दे, मी जातो. फक्त दादाला उचलून बाथरूमला नेणार कोण एवढं तिला विचारा, असं तो हळू आवाजात म्हणाला. एर्मिंदाला त्याची कीव आली, आणि कीव आली की तिला रागही यायचा.

"बिघडवतोयस का तू, वाल्तेर? सरळ सांग."

"नाही."

कवळी हलली नाही. तिने हातातला चिकट पिरॅमिड पिशवीत टाकला, शेजारी त्याच्या तीन चांगल्यांपैकी एक. घरी नेऊन कापून बघते, ती म्हणाली.

वाल्तेर झटक्यात उभा राहिला. "कशाला कापता? वाया गेलं ते गेलं. त्यात काय बघायचंय?" आणि या वेळी, टकटक, कवळी हलली.

३

घरी जायच्या वाटेवर ओफेलियाचं दुकान होतं. ओफेलिया आणि सुल्मा एकमेकींचं तोंड पाहत नसत. एकीचे पिरॅमिड निळे, दुसरीचे हिरवे, आणि कुणाचे खरे यावरून अकरा वर्षांचं वैर. शेजारपाजारचे लोक आधीच म्हणू लागले होते की ओफेलियानेच काहीतरी करणी केली असणार.

"करणी करायला मला वेळ कुठाय?" ओफेलियाने एर्मिंदापुढे पेपरिनाचा सुगंधी पाला घातलेल्या माते नावाच्या कडू चहाचा कप सरकवला. "पौर्णिमेच्या आत ओतलं की असं होतं. तिला मी सांगणार होते, पण ती ऐकणार आहे का माझं?"

एर्मिंदाने चंद्राचा विषय बाजूला ठेवला आणि रेझिन कुठून घेतेस म्हणून विचारलं. ओफेलियाने जरा आढेवेढे घेतले. मग कबूल केलं की गेल्या महिन्यात दोघींनी एकच पिंप निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं, अर्थात वाल्तेरच्या मध्यस्थीने. धातूचा कीसही त्याच लेथवाल्याकडचा. आणि तिचे सगळे पिरॅमिड टणक झाले होते. शेल्फवर चाळीसेक निळे सुळके ओळीने उभे होते. एर्मिंदाने सहा-सात नखाने खरवडून पाहिले. एकही चिकट नव्हता.

म्हणजे रेझिन चांगलं होतं. कीसही चांगला होता. गावाची थंडी दोन्ही घरांना सारखीच. थेंब बरोबर होते, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

निघता निघता ओफेलिया तिच्या कानाशी लागली. चहाडी सांगताना तिचा चेहरा फार प्रेमळ व्हायचा. "सुल्माला सांगू नका मी बोलले म्हणून. पण तो वाल्तेर पुन्हा बिघडलाय. दर सोमवारी मी त्याला औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना बघते. शर्टाच्या आत एक बाटली लपवतो. इवलीशी, तपकिरी."

४

एर्मिंदाने दोन्ही पिरॅमिड शिकंज्यात धरून करवतीने उभे चिरले.

वाल्तेरचा चांगला पिरॅमिड टोकापासून तळापर्यंत सारखाच कडक निघाला. बिघडलेला मात्र वेगळा होता. बाहेरचं दोन बोटं जाडीचं कवच पक्कं, आणि गारगोटीभोवती मात्र, कच्च्या राहिलेल्या अंड्यासारखा, ओला गोळा. करवत काढताच तो हळूहळू टेबलावर पसरला.

ती स्टुलावर बसली. हे उलटं होतं. थंडीने किंवा दमट हवेने बिघडतं तेव्हा वरचा पापुद्रा चिकट राहतो. थेंब कमी पडले तर सगळाच्या सगळा लिबलिबीत होतो. इथे रेझिन सगळीकडे व्यवस्थित जमलं होतं, फक्त गारगोटीला जिथे शिवलं तिथे नाही. दोष रेझिनचा नव्हताच. गारगोटीवर काहीतरी होतं.

तिने त्या ओल्या गोळ्याला नाक लावलं. रेझिनचा उग्र दर्प डोक्यात गेला. डोळे मिटून तिने पुन्हा एकदा हुंगलं, आणि त्या दर्पाच्या खाली तिला दुसरा वास लागला. चाळीस वर्षं तिच्या कामाच्या खोलीत भरून राहिलेला वास होता तो. लवंगेचं तेल.

पहिल्याच वर्षी एका दंतवैद्याने तिला शिव्या घातल्या होत्या. दुखऱ्या दाढेत लवंगतेलाचं सिमेंट भरलं होतं आणि तिने त्याच्यावरच प्लास्टिकचा दात बसवायला घेतला. तो काही केल्या घट्ट झाला नाही. लवंगतेल लागलं की असलं काहीच जमत नाही, मूर्ख मुली, असं तो चारचौघांत ओरडला होता. तो अपमान ती विसरली नव्हती, म्हणून धडाही विसरली नव्हती.

तिने औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराची खालची कवळी तिचीच, त्यामुळे तो ताकास तूर लावू न देणाऱ्यांतला असला तरी तिच्याशी बोलला. हो, वाल्तेर दर सोमवारी लवंगतेल नेतो. दाढदुखीवर. सुरुवातीला महिन्याला एक बाटली न्यायचा, आता आठवड्याला एक.

एर्मिंदाने फोन ठेवला. सगळं वाल्तेरवर येऊन ठेपत होतं आणि सुल्माचंच खरं ठरत होतं. एकच गोष्ट आड येत होती. दाढ दुखायला तोंडात दाढ असावी लागते. वाल्तेरच्या तोंडात एकही नव्हती, आणि हे या गावात तिच्याइतकं खात्रीने दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

मग ते तेल कुणासाठी जात होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळल्याचं तिला मुळीच बरं वाटलं नाही.

५

दुपारी सुल्मा बाजारात गेलेली पाहून एर्मिंदा एवारिस्तोच्या खोलीत शिरली. तो उशांना टेकून बसला होता. खूप वाळला होता. पलंगाभोवतीचे नऊ हिरवे पिरॅमिड उन्हात चमकत होते.

"या दोन्या. पण तुम्हाला इथे गिऱ्हाईक नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस अजून माझेच आहेत."

"दाखव मग."

तो हसला. तोंड मात्र उघडलं नाही. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि बोटं हुंगली. त्याने हात सोडवून घेतला नाही, नुसता खिडकीकडे बघत राहिला. गारगोटी धरायच्या आधी हात धुवायचास तरी, असं ती म्हणाली. तेल संपत आलं की बोटाने बाटली पुसून लावतो, तो म्हणाला, तेवढंही वाया घालवावंसं वाटत नाही.

मग त्याने तोंड उघडलं. एर्मिंदा डॉक्टर नव्हती. पण तिने शेकडो तोंडं पाहिली होती आणि कुठे काय असू नये हे तिला समजत होतं. गाठ आता नुसती घशात राहिली नव्हती. तिने मान फिरवली, आणि आपण मान फिरवली याची तिला लाज वाटली.

सगळं त्याने थांबत थांबत सांगितलं. मे महिन्यात तो आणि वाल्तेर सुल्माला न सांगता कोर्दोबाला जाऊन आले होते. आता कापण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले. उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. दुखणं कमी करायला औषधं आहेत, ती घ्यायला या. तो परत गेलाच नाही.

"का?"

"पहिला पिरॅमिड ठेवला त्या दिवशी मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, दुखायचं थांबलं. तर ती भांडी घासताना गायला लागली, दोन्या. वीस वर्षांत गायली नव्हती." त्याने तोंडावर हात फिरवला. "मग रोज तेच म्हणावं लागलं. आता इस्पितळातलं औषध आणलं तर कशासाठी आणलं म्हणून सांगू?"

"ती वाल्तेरला घराबाहेर काढतेय."

"माहीत आहे. मी त्याला शपथ घातलीय, सांगायचं नाही म्हणून. तो मोडणार नाही. आता तुम्हालाही घालतो."

 शपथ पाळली तर निर्दोष माणूस घर सोडणार, आणि त्याच्याबरोबर ते तेलही जाणार. मोडली तर त्या बाईचं गाणं जाणार. एर्मिंदाने आयुष्यभर मोडलेल्या गोष्टी जोडल्या होत्या. इथे तिच्या हाताला काही लागतच नव्हतं. तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

६

सुल्माने टेबलावर पिशवी ठेवली. चिरलेला पिरॅमिड एर्मिंदाने आधीच तिथे मांडून ठेवला होता.

"सापडलं?"

"सापडलं. वाल्तेरचा काही दोष नाही." एर्मिंदाने तेवढ्यात एक कारण जुळवून ठेवलं होतं. तिने ते सांगितलं. एवारिस्तोच्या हाताला घाम येतो, आजारात येतोच, तो गारगोटीला लागतो आणि रेझिन जमत नाही. गारगोटी धरून झाली की स्पिरिटने पुसून घे. बस्स.

सुल्मा त्या ओल्या गोळ्याकडे बघत राहिली. वाकून तिने तो हुंगला. नंतर खुर्ची ओढून बसली.

"तुम्हाला वाल्तेरसारखी कवळी नाही, दोन्या," ती म्हणाली, "पण तुम्हालाही खोटं बोलता येत नाही."

एर्मिंदाने चिरलेला पिरॅमिड बाजूला सरकवला.

"मी त्याच्या शेजारी झोपते. जूनपासून उशीला लवंगेचा वास येतोय. आधी कडेला यायचा, आता सगळीकडे येतो." सुल्माचा आवाज अगदी साधा होता. "मी सकाळी उशी उन्हात टाकते, म्हणजे त्याला कळायला नको."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"वाटलं, तुम्ही म्हणाल थेंब कमी पडले. नाहीतर थंडी. नाहीतर वाल्तेर बिघडवतोय. वाल्तेर बिघडवत असता तर एवारिस्तो बरा असता ना." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दुसरं कुठलंही कारण चाललं असतं मला."

एर्मिंदाने आजवर खूप बिघाड शोधले होते, पण कारण शोधून काढल्याचा इतका पश्चात्ताप तिला कधी झाला नव्हता. तिने सुल्माच्या पाठीवर हात ठेवला. याहून जास्त तिला काही करता आलं नाही.

तोंडावरचे हात काढून सुल्माने विचारलं, "फार दुखतंय का त्याला?"

"फार."

"औषध आहे?"

"दुखण्यावर आहे. इस्पितळात." बाकीचं एर्मिंदा बोलली नाही आणि सुल्माने विचारलंही नाही. विचारायचं राहिलंय हे दोघींनाही कळत होतं.

सुल्मा उठली. पिशवीतलं सामान बाहेर काढता काढता तिने काय ठरवलं ते सांगितलं. मला कळलंय हे एवारिस्तोला कळता कामा नये. तो माझ्यासाठी इतके महिने सोसतोय, ते वाया गेलं असं त्याला वाटेल. आणि अंगणात जाऊन तिने वाल्तेरला, त्याच्याकडे न बघता, जेवायला आत बोलावलं.

७

गुरुवारी सकाळी एर्मिंदा बसस्टँडवर गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सुल्मा छातीवर हात धरून हळूहळू चालत होती. काल संध्याकाळी तिला चक्कर आली होती, निदान तिने तसं सांगितलं होतं. डॉक्टरला दाखवायला हवं, पण एकटीने कोर्दोबाला जायची भीती वाटते, तू चल सोबत. एवारिस्तो नाही म्हणू शकला नव्हता. एका हाताने त्याने वाल्तेरचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात, कुणालाही घेऊ न देता, सुल्माची पिशवी. कित्येक महिन्यांनी तो इतका ताठ उभा होता.

एर्मिंदाला पाहून तो जवळ आला. "घाबरलीय ती," तो कुजबुजला. "दाखवत नाही एवढंच. मी आहे सोबत, पण तिच्यापुढे माझं काही काढू नका."

"नाही काढणार," एर्मिंदा म्हणाली.

सुल्मा तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत तीच विनंती होती. दोघांनाही देण्यासारखं तिच्याकडे मौनाखेरीज काही उरलं नव्हतं, आणि ते पुरं पडणारं नव्हतं हे तिला माहीत होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

वाल्तेरने भावाला पायरीवर चढवलं. एवारिस्तोने खिडकीजवळची जागा सुल्माला दिली, तिच्या गुडघ्यांवर आपला कोट पांघरला आणि पुढे वाकला.

"जरा सावकाश घ्या," तो ड्रायव्हरला म्हणाला. "बायको आजारी आहे."